'आधी'चा शॉट

मेकओव्हरच्या कार्यक्रमात सगळ्यात जास्त कारागिरी 'आधी'च्या शॉटवर होते, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही.

मी मॉडेलिंगमधून इकडे आले. तिथे कपडा मापाचा नसला की पाठीमागून क्लिपा लावून आवळतात. फोटोत समोरचीच बाजू दिसते. त्यामुळे कॅमेऱ्याच्या थापा मला नव्या नाहीत. तरी गोव्यातल्या म्हार्दोळची ती फुलवाली काकी डोक्यातून जात नाही.

सुनेने तिचं नाव पाठवलं होतं. पणजीला शूटसाठी आली ती घट्ट अंबाडा, त्यावर अबोलीची फाती म्हणजे गजरा, कपाळावर ठसठशीत कुंकू अशी. छान दिसत होती, म्हणूनच दिग्दर्शकाच्या कपाळाला आठी. फुलं काढा, केस विस्कटा, दिवा बरोबर डोक्यावर घ्या. सरळ वरून पडणाऱ्या उजेडात डोळ्यांखाली खड्डे दिसतात. हसायचं नाही. कुंकू पुसा म्हटल्यावर मात्र तिने हात आडवा धरला. मुंबईहून आलेल्या त्या पोराला आपण काय बोललो हे कळलंही नसावं.

"बाय, घरून मी अशी निघाले नव्हते गो," ती मला म्हणाली.

माझं काम त्यानंतरचं. डोळ्यांखाली आधी केशरी करेक्टर, बोटाच्या टोकाने थापटून. तिथे थेट फाउंडेशन फासलं की सावळ्या कातडीवर राखाडी छटा येते. पावडर चिमूटभरच, कारण आपल्या दमट हवेत थर चढवले की घामाने त्यांच्या रेघा पडतात.

चॅनेलला 'गोवन लूक' म्हणून लाल चौकड्यांची कुणबी साडी हवी होती. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती रॅम्पवर नेली, तिच्या विणकामाला पुन्हा दिवस दाखवले. त्यावरून ती सगळ्याच गोंयकार बायकांची, असा सरसकट अर्थ काढणारे वेगळे. कुणबी बायका ती आखूड नेसतात, खांद्यावर गाठ मारतात. काकी म्हणाली, "ही आमची नव्हे." मी त्यावरून भांडले. शेवटी बारीक चौकडी कॅमेऱ्यात थरथरते, एवढंच कारण चाललं. मग गर्द जांभळी सुती साडी. ब्लाउज म्हापशाच्या शिंप्याकडून, मुंढा वर घेतलेला, म्हणजे हात उचलला तरी ब्लाउज वर सरकत नाही. आणि अबोलीची फाती परत अंबाड्यावर.

पडदा सरला, आरसा समोर. तिने आता तोंडावर हात धरायचा, डोळे पुसायचे, असा सगळ्यांचा हिशेब. तिने हात वर-खाली करून पाहिला आणि म्हणाली, "शिवलाय बरा." मला तेवढी पावती पुरली. चॅनेलला नाही पुरली; तिला पुन्हा पुन्हा थक्क व्हायला लावलं.

भाग दाखवल्यावर तिचा फोन आला. देवळात येणारी माणसं विचारतात, मध्यंतरी आजारी होतीस काय? नंतरच्या रूपाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. तशी तर ती त्यांना रोजच दिसते.

निदान प्रोमोतून तो शॉट काढा, असं मी चॅनेलला सांगितलं. "मॅडम, तोच तर चालतो," हे उत्तर. पुढच्या करारात मी एक ओळ घालून पाठवलीय: 'आधी'चा शॉट माणूस दारातून येईल तसा घ्यायचा, मेकअप रूममध्ये नेण्यापूर्वी. त्यावर अजून सही झालेली नाही.