एक सामना, शून्य बॅटर

ह्यूस्टनला आल्यावर मी बेसबॉलच्या नादी लागलो, तेव्हापासून एक प्रश्न हमखास येतो: तुमचा आवडता पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा खेळाडू, कोण? टेक्ससमध्ये उत्तर नोलन रायन असायला हवं. मी म्हणतो, लॅरी याउंट. मग समोरचा विचारतो, हा कोण? तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

१५ सप्टेंबर १९७१. इथल्याच ॲस्ट्रोडोम स्टेडियममध्ये ह्यूस्टनचा संघ ॲस्ट्रोज आणि अटलांटा ब्रेव्ह्ज यांचा सामना, नववी इनिंग (डाव). सप्टेंबरात खालच्या लीगमधल्या पोरांना वर बोलावतात, तसा २१ वर्षांचा लॅरी आला होता. बुलपेनमध्ये, म्हणजे पिचर सराव करतात त्या जागी, हात गरम करतानाच कोपर दुखायला लागलं. माउंडवर, म्हणजे पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावर, गेल्यावर मोकळं होईल, असं त्याला वाटलं. नाव पुकारलं गेलं. तो चालत गेला, सरावाचे मोजके चेंडू टाकले, दुखणं वाढलं आणि तो परत फिरला. पुढे काही वर्षं तो खालच्या लीगमध्ये झगडला, पण वर पुन्हा कधीच पोचला नाही.

नियम असा, की पिचरचं नाव जाहीर झालं की तो सामना खेळला असं धरतात. म्हणून त्याच्या नावापुढे सामने १, इनिंग्ज ०, बॅटर ०. सामना खेळल्याची नोंद आहे पण एकही बॅटर समोर आला नाही, असा मेजर लीगच्या, म्हणजे बेसबॉलच्या सर्वांत वरच्या लीगच्या, इतिहासात हा एकटाच पिचर.

त्याचा धाकटा भाऊ रॉबिन १८व्या वर्षी मिलवॉकी ब्रूअर्सकडून खेळायला लागला, २० वर्षं खेळला. २,८५६ सामने, ३,१४२ हिट्स, १९९९मध्ये हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या यादीत नाव. हे सांगितलं की लोक लॅरीला ‘बिचारा’ म्हणतात, आणि तो शब्द मला लागतो. एकविसाव्या वर्षी, मोठ्या मैदानात पहिल्यांदाच नाव पुकारलेलं असताना, ‘दुखतंय’ असं सांगून खाली उतरायचं? दात आवळून चार चेंडू टाकले असते तर नोंद वेगळी झाली असती. हात उद्याही लागणार आहे, असं समजून तो उतरला. तो उद्या आला नाही, म्हणून ते उतरणं चूक ठरत नाही.

माझा मुलगा अकरा वर्षांचा असताना लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये, पिचिंग करायचा. त्या वयाला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा असते. एका शनिवारी त्याचे चाळीसही झाले नव्हते, तोच त्याने कोपर धरलं. आसपासचे पालक ओरडत होते, अजून एकच बॅटर! मी कोचला हात केला आणि पोराला बाहेर बोलावलं. तो घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलला नाही. रात्री कोपरावर बर्फ धरून बसला होता, तेव्हा मी त्याला लॅरीची गोष्ट सांगितली. त्याने एवढंच विचारलं, ‘‘बाबा, तो परत चालत जाताना लोकांनी टाळ्या वाजवल्या का?’’