गोळी सुटेपर्यंत

कॅरमवर राणी आणि दोघांची एकेक सोंगटी उरली, की बघ्यांपैकी कोणीतरी ती शीळ घालतंच. ताटलीत शेवटचं एकच भजं आणि हात मात्र दोघांचे पुढे, तरीही तीच शीळ. घालणाऱ्याने सिनेमा पाहिलेला असतोच असं नाही. त्यातला नट क्लिंट ईस्टवूड त्याला एखाद्या पोस्टरवरून माहीत असेल, दिग्दर्शक सर्जिओ लिओने तर बहुधा नाहीच. पण आता इथे एकच जण उरणार, हे सांगायची वेळ आली की हीच शीळ घालायची, एवढं त्याला पक्कं ठाऊक असतं. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ या १९६६ सालच्या इटालियन सिनेमाची धून आपल्या गल्लीतल्या कॅरमपर्यंत पोचली, ती सिनेमाला मागे टाकून.

मला यात फारसं नवल वाटत नाही. वेस्टर्नमध्ये, म्हणजे घोडे-बंदुकांच्या काउबॉय सिनेमांत, निदान लिओनेच्या वेस्टर्नमध्ये, पार्श्वसंगीत पार्श्वभूमीला नसतंच मुळी. तिथली मारामारी संगीताची असते, नट फक्त उभे राहायला असतात.

हे पडताळून बघायचं तर ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’चा शेवट आवाज बंद करून लावावा. मी लावला होता. कबरस्तानाच्या मधोमध फरसबंदीचं एक मोठं गोल रिंगण. त्यात तीन माणसं एकमेकांपासून लांब जाऊन उभी राहतात. मग टोपी दिसते. डोळे दिसतात. पट्ट्याशी घुटमळणारा हात, पुन्हा डोळे, दुसऱ्याचे डोळे, तिसऱ्याचा घाम. चार-पाच मिनिटं कोणी बोलत नाही, कोणी हलत नाही. आई भाजीची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेली, भाजी फ्रिजमध्ये लावून परत आली आणि म्हणाली, “अजून उभेच आहेत का रे हे? ऊन लागेल त्यांना.” आवाज नसला की खरोखर एवढंच उरतं. तीन माणसं आणि ऊन.

आवाज सुरू केला की तीच चार-पाच मिनिटं खुर्चीत नीट बसू देत नाहीत. गिटार हळूहळू पावलं टाकल्यासारखी येते, मग ट्रम्पेट उंच चढतो, मध्येच सगळं ओसरून किणकिण तेवढी राहते, पुन्हा चढण सुरू. बडा ख्याल ऐकणाऱ्याला ही तगमग ओळखीची आहे. गवई सावकाश बढत करतोय, आवर्तन भरत आलंय आणि सम आता येणार म्हणून आपली मान आधीच हलायला लागली आहे. लिओने आणि त्याचा संगीतकार एन्यो मॉरिकोने यांचा चावटपणा असा, की ते समेच्या तोंडाशी आणून संगीतच थांबवतात. नुसती शांतता. आणि मग गोळी.

या जोडीने ही युक्ती त्याआधीच्या वर्षी, १९६५ च्या ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’मध्ये जवळजवळ उघड करून दाखवली होती. तिथल्या खलनायकाकडे, एल इंडिओकडे, खिशातलं एक घड्याळ आहे. झाकण उघडलं की ते वाजतं. त्याचा नियम साधा: सूर संपले की बंदूक उचलायची. म्हणजे माणूस मरायला किती वेळ आहे, हे त्या सुरावटीच्या लांबीवर ठरतं. शेवटच्या द्वंद्वात ते सूर एकेक करून मंदावत जातात आणि ज्याच्याकडे बंदूक नाही त्या कर्नलच्या चेहऱ्यावर आपण ते मोजत बसतो. सूर थांबतात... आणि तेवढ्यात तीच धून दुसरीकडून सुरू होते, कारण तसंच दुसरं घड्याळ हातात घेऊन ईस्टवूड आलेला असतो. पुढे संगीत मोठं होत जातं, ट्रम्पेट वगैरे सामील होतात, पण मुळात ते घड्याळातून निघालंय. पडद्यावरच्या माणसांना ऐकू येणारं संगीत कुठे संपलं आणि फक्त आपल्याला ऐकू येणारं कुठे सुरू झालं, ते ठरवत बसावं. मी अजून ठरवतोच आहे.

घड्याळाशी वेस्टर्नचं नातं तसं जुनं. १९५२ च्या ‘हाय नून’मध्ये बारा वाजता गाडी येणार, गाडीतून खुनी उतरणार आणि गावातलं एकही माणूस मार्शलच्या, म्हणजे गावच्या पोलीस अधिकाऱ्याच्या, मदतीला येणार नाही. बारा वाजत येतात तेव्हा दिमित्री टिओमकिनचं संगीत लंबकाच्या ठेक्यावर चालू लागतं आणि चेहऱ्यांमागून चेहरे त्याच ठेक्यावर येत राहतात. त्या सिनेमाला संगीताचं ऑस्कर मिळालं, गाण्याचंही मिळालं. हा टिओमकिन जन्मला आजच्या युक्रेनमध्ये. ‘द सर्चर्स’ या वेस्टर्नला संगीत देणारा मॅक्स स्टायनर व्हिएन्नाचा. बॅलेसाठी ‘बिली द किड’ आणि ‘रोडिओ’ लिहून अमेरिकन माळरानाचा आवाज कसा असावा हे ज्याने ठरवून टाकलं, तो एरन कोपलंड न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा, स्थलांतरित ज्यू आईबापांचा मुलगा. घोड्यावर बसून गुरं हाकणाऱ्यांपैकी यात कोणी नाही. त्यामुळे रोमच्या माणसाने वेस्टर्नला हात घातला म्हणून अमेरिकेत नाकं मुरडली गेली, ते जरा हास्यास्पदच होतं.

मॉरिकोने आणि लिओने हे प्राथमिक शाळेत एका वर्गात होते. पुढे वाटा वेगळ्या झाल्या आणि १९६४ मध्ये ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’च्या निमित्ताने पुन्हा गाठ पडली. सिनेमा स्पेनमध्ये, कमी पैशांत. इटालियन वेस्टर्न कोण बघणार या धास्तीने श्रेयनामावलीत लिओने झाला बॉब रॉबर्टसन आणि मॉरिकोने झाला डॅन सॅव्हिओ. नावं बदलली, पण आवाज कोणाचाच उसना घेतला नाही. हॉलिवूडसारखा भलाथोरला वाद्यवृंद परवडणार नव्हताच. मग चाबकाचा फटका, घंटा, इलेक्ट्रिक गिटार, पुरुषांच्या कोरसच्या आरोळ्या आणि अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनीची शीळ. हा गृहस्थ गिटारही वाजवायचा आणि कोरसही त्याचाच. पुढच्या सिनेमात त्यात मोरचंग आलं. मोरचंगाचा तो ‘ट्वाँग’ ऐकला की मला आधी राजस्थान आठवतं आणि मग टेक्सास. दोन्हीकडे वाळू आहे, चालायचंच.

पण नुसत्या काटकसरीतून हे झालं असं म्हणणं अन्यायाचं होईल. मॉरिकोने सांता चेचिलिया संगीतशाळेत गोफ्रेदो पेत्रास्सींकडे रीतसर शिकलेला होता आणि सिनेमाबाहेर प्रयोगवाल्यांच्या टोळीत बसून ट्रम्पेटमधून नाही नाही ते आवाज काढत होता. दाराची करकर, पाण्याचा थेंब, टंकलेखन यंत्राची टकटक, यातलं काहीही संगीत होऊ शकतं असं मानणाऱ्यांतला. म्हणूनच ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ची ती प्रसिद्ध धून म्हणजे मुळात कायोटीची, तिथल्या कोल्ह्याच्या भाईबंदाची, कोल्हेकुई आहे. दोनच सूर, वरखाली. तीच कोल्हेकुई चांगल्यासाठी बासरीवर, वाइटासाठी ओकारिना नावाच्या मातीच्या शिट्टीसारख्या वाद्यावर आणि कुरूपासाठी माणसांच्या गळ्यातून. तिघांची जात एकच, हे संवादाविना सांगून झालं.

आता माझा आवडता सिनेमा, १९६८ चा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’. याची सुरुवात संगीताशिवाय आहे, आणि माझ्या मते मॉरिकोनेचं ते सर्वात धाडसी काम. एका ओसाड स्टेशनवर तीन बंदूकवाले गाडीची वाट बघत बसलेत. न वंगणलेली पवनचक्की कुरकुरते. एकाच्या टोपीवर वरून पाणी ठिबकतंय. तो उठून दुसरीकडे बसत नाही, टोपी घालून थेंब झेलतो. दुसरा बोटं मोडतो. तिसऱ्याच्या दाढीवर माशी बसते, तो ती बंदुकीच्या नळीत पकडतो आणि नळीला कान लावून तिची गुणगुण ऐकतो. दहाएक मिनिटं हे असं. शिडीच्या करकरण्यावर कार्यक्रम करणारा एक माणूस फ्लॉरेन्समध्ये मॉरिकोनेने पाहिला होता, त्याने ते लिओनेला सांगितलं आणि तिथून ही सुरुवात निघाली. मग गाडी येते, जाते, आणि रुळांपलीकडून माऊथ ऑर्गनचे तीन-चार कण्हते सूर. या सिनेमात नायकाला नाव नाही. त्याचा माऊथ ऑर्गन हेच नाव.

बाकीचं संगीत चित्रीकरणाआधीच तयार होतं आणि लिओने ते सेटवर लाऊडस्पीकरवर वाजवायचा. इटलीत तेव्हा आवाज सगळा नंतर डब करायची पद्धत, त्यामुळे सेटवर काय वाजतंय याची फिकीर कोणाला नव्हती. नायिका क्लाउडिया कार्दिनाले गाडीतून उतरते, घ्यायला कोणी आलेलं नाही, ती स्टेशनमास्तरच्या खोलीत शिरते, कॅमेरा बाहेरून खिडकीतून बघतो आणि मग क्रेनवर चढत चढत छप्पर ओलांडतो, तर पलीकडे अख्खं गाव धुरळा उडवत उभं. छप्पर ओलांडायला आणि गायिका एद्दा देलोर्सोचा आवाज वर जायला एक गाठ पडते. शब्द नाहीत, नुसता आकार. संगीत चित्राला बेतलेलं नाही, चित्र संगीताला बेतलंय.

माऊथ ऑर्गनचं रहस्य पुढच्या ओळींत फुटतंय, पण १९६८ च्या सिनेमाचं रहस्य किती दिवस जपायचं? एका पोराच्या खांद्यावर त्याचा थोरला भाऊ उभा आहे, भावाच्या गळ्यात फास. पोरगा कोसळला की भाऊ लटकणार. आणि खलनायक झालेला हेन्री फोंडा हसत हसत त्या पोराच्या तोंडात माऊथ ऑर्गन कोंबतो. अडीच तास आपण ज्याला धून समजत होतो तो पोराचा लागलेला दम होता. हे कळल्यावर सिनेमा पुन्हा पहिल्यापासून बघावा लागतो.

याच सिनेमात एक कुटुंब मारलं जातं. धाकटं पोर तेवढं उरतं, त्याच्यावर बंदूक रोखली जाते, गोळीचा आवाज होतो आणि त्याच क्षणी पडद्यावर रेल्वे इंजिन. ‘शोले’ पाठ असलेल्यांना पुढचं सांगायला नको. तिथे झोपाळ्याची करकर आहे, गोळी आहे आणि गाडीतून उतरणारा ठाकूर आहे. जयच्या हातातही माऊथ ऑर्गनच, वाजवलाय भानू गुप्तांनी. ही उचल आहे हे मान्य. पण संध्याकाळी दिवे मालवत जाणारी राधा आणि अंगणापलीकडून येणारे ते सूर हे काही लिओनेकडे नाही. तिकडचा माऊथ ऑर्गन सूड मागतो, आर. डी. बर्मनचा काहीच मागत नाही.

मॉरिकोने स्वतः या सगळ्याला वैतागलेला असायचा. चारशेहून अधिक सिनेमांना संगीत दिलं, त्यात वेस्टर्न मूठभर, आणि जो तो भेटायला येणार तो शिळेबद्दल विचारणार. इटालियन वेस्टर्नला तिथल्या शेवयांवरून चिकटलेला ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ हा शब्द तर त्याला अजिबात चालायचा नाही. आम्ही काय खानावळ चालवतो का, असा एकूण सूर. स्पर्धेतलं ऑस्कर त्याला मिळालं २०१६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, तेही दिग्दर्शक टॅरंटिनोच्या बर्फातल्या एका वेस्टर्नसाठी. त्याचा वैताग मला कळतो, पण माझी बाजू लोकांची आहे. डॅनिश सिम्फनी वाद्यवृंदाने ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ सादर केल्याचा एक व्हिडिओ आहे. काळ्या कपड्यातले कोरसचे स्त्रीपुरुष गंभीर चेहऱ्याने उभे, समोर नोटेशन, आणि वेळ आली की कोल्ह्यासारखे ओरडतात. तालात. नोटेशन बघून. उद्या कॅरमला येणाऱ्यांना दाखवणार आहे.