चार वेळा बॅलन्सिंग आणि सोळा मिलिमीटरची फट

"मशीन झिरो दाखवून राहिली भाऊ, आता अजून काय करू?"

गाडीला नवी, जास्त रुंद चाकं टाकल्यावर हे वाक्य मी टायरच्या दुकानात सव्वा महिन्यात चार वेळा ऐकलं. दरवेळी बॅलन्सिंग, म्हणजे मशीनवर फिरवून, छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधणं. चारही वेळा पैसे मोजले, जिल्ह्याच्या गावाहून आर्वीकडे निघालो, आणि काट्याने नव्वद ओलांडले की स्टिअरिंग हातात थरथरायला लागायचं. शंभरवर तर डॅशबोर्डवर ठेवलेली पाण्याची बाटली वाजायची. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून सगळं लिहून काढतोय.

गाडी २०१५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया, १.८ लिटरचं टीएसआय पेट्रोल इंजिन, १८० पीएस ताकदीचं. मी घेतली तेव्हाच तिला आधीच्या मालकाने लोअरिंग स्प्रिंगा टाकलेल्या होत्या, साधारण तीस मिलिमीटर खाली. आमचं गाव डांबरी रस्त्यापासून आत, जमीन काळी कापसाची. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा रस्ताही तिच्यासोबत वरखाली होतो. तरीही मला ही गाडी मनापासून आवडते आणि तिच्यावर खर्च केल्याचा पश्चात्ताप नाही.

मूळचे टायर २०५/५५ आर१६ (रुंदी मिलिमीटरमध्ये, कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचात), रिम साडेसहा इंच रुंद, ईटी४६. मी घेतले २२५/४५ आर१७, रिम साडेसात इंची, ईटी४०. ईटी म्हणजे रिमचा मध्य आणि हबला, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला, टेकणारी बाजू यांतलं अंतर. ते रिमच्या आत कोरलेलं असतं. टायरची एकूण उंची ६३२ मिलिमीटरवरून ६३४ वर गेली, त्यामुळे स्पीडोमीटरची चिंता नव्हती. पण चाक बाहेर जवळपास १९ आणि आत ७ मिलिमीटर सरकतं. हा हिशेब घरीच करून जा. रुंदीतला फरक एक इंच, म्हणजे २५.४, त्याचा निम्मा १२.७, ईटी सहाने घटला, म्हणून बाहेरच्या बाजूला सहा मिळवायचे आणि आतल्या बाजूतून सहा वजा करायचे. दुकानात कोणी करून देत नाही.

टायर फेंडरला, म्हणजे चाकावरच्या पत्र्याला, घासतो का, हे मी कणकेनं तपासलं. मागच्या फेंडरच्या आतल्या कडेवर लिंबाएवढे तीन गोळे चिकटवले, मागे तिघांना बसवलं, डिकीत सरकीच्या ढेपेचं पोतं टाकलं आणि गावातल्या गतिरोधकावरून हळू गेलो. दोन गोळे तसेच होते. बंपर आणि फेंडर जुळतात तिथला तिसरा चपटा झाला होता आणि त्यावर टायरच्या नक्षीचा ठसा होता. तिथला एक स्क्रू आत डोकावत होता, तो आखूड टाकला. विषय संपला.

आता थरथरीबद्दल.

पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, वजन पडलं असेल. पुन्हा बॅलन्सिंग केलं. दुसऱ्यांदा म्हणाला, टायर नवा आहे, पाचशे किलोमीटर चालू द्या, बसेल. तिसऱ्यांदा पुढची चाकं मागे टाकली, मागची पुढे. थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये आली, एवढाच फरक. चौथ्यांदा त्याने गाडीकडे वाकून पाहिलं आणि सांगितलं, "गाडी खाली केली ना तुम्ही, म्हणून होते. स्प्रिंगा बदला." याच स्प्रिंगांवर जुनी चाकं दीड वर्ष लोण्यासारखी चालली होती. मी ते सांगितलं, तो ऐकून घेईना. बाहेर ट्रॅक्टरच्या टायरची रांग लागली होती, त्याला घाई होती. मलाही घाई होती, पण मी चार वेळा ज्वारीचा हुरडा आणि संत्र्याचे क्रेट बघत ऐंशीने घरी आलो होतो.

उत्तर टायरच्या दुकानात मिळालंच नाही. पेरणीयंत्राचा शाफ्ट घेऊन तालुक्याच्या लेथवाल्या काकाजींकडे गेलो होतो. बोलता बोलता चाकाचा विषय निघाला. ते म्हणाले, "काढ बरं एक चाक." जॅक लावला, चाक काढलं. काकाजींनी व्हर्नियर आणला. आधी गाडीचा हब मोजला, मग रिमचं मधलं भोक. खडूनं फरशीवर दोन आकडे लिहिले: ५७.१ आणि ७३.१.

"पोराच्या डोक्यावर बापाची टोपी बसवली भाऊ तुले. हे चाक हबवर बसलं नाई, बोल्टांवर लटकलं हाय."

सोळा मिलिमीटरची फट, दोन्ही बाजूंनी आठ-आठ. मूळ रिमचं भोक हबच्या मापाचं असतं, त्यामुळे चाक आपोआप मधोमध बसतं. बाजारातल्या रिमा अनेक गाड्यांना चालाव्यात म्हणून भोक मोठं ठेवतात आणि मधली जागा भरायला रिंग टाकायची असते. माझ्या चाकांत एकही रिंग नव्हती. बॅलन्सिंगची मशीन झिरो का दाखवत होती, तेही तिथंच कळलं. मशीनवर चाक शंकूसारख्या निमुळत्या कोनाने पकडतात, त्यामुळे ते तिथं बरोबर मधोमध येतं. गाडीवर तसं येत नाही. मशीन खोटं बोलत नव्हती, पण गाडीवर काय चाललंय ते तिला दिसतच नव्हतं. हे एक वाक्य त्या दुकानात कोणाला माहीत असतं, तर माझा महिना वाचला असता.

मग काकाजींनी बोल्ट हातात घेऊन उन्हात फिरवला. त्याच्या बुडावर दोऱ्याएवढी बारीक चमकदार रेघ उमटली होती. कंपनीच्या बोल्टचं बूड गोल असतं, चेंडूसारखं. माझ्या नव्या रिमचं भोक निमुळतं होतं, कोनाचं. गोल बूड कोनात गेलं की फक्त त्या रेघेवर टेकतं. घट्ट लागल्यासारखं वाटतं, पण पकड नसते, आणि चालता चालता सैल होऊ शकतं. याच बोल्टांवर मी आईला दोनदा वर्ध्याला डॉक्टरकडे नेलं होतं. ती रेघ पाहून पोटात गोळा आला. ते दुकान मी त्यासाठी कधीच माफ करणार नाही.

रिंगा काकाजींनीच कातल्या. ॲल्युमिनियमचा गोल दांडा, बाहेरून ७३.१, आतून ५७.१, आतल्या कडेला थोडा उतार, म्हणजे हबवर सरकताना अडत नाही. चार रिंगांचे बाराशे घेतले. प्लास्टिकच्याही मिळतात, पण ब्रेकची उष्णता आणि आमच्याकडचा मे महिना पाहता मी त्या वाटेला गेलो नाही. ॲल्युमिनियम हबच्या लोखंडाला चिकटून बसतं, म्हणून आत अगदी पातळ अँटी-सीझ, म्हणजे जाम होऊ न देणारं, ग्रीस लावलं. ते बोल्टच्या आट्यांना मात्र लागू द्यायचं नाही.

कोनवाले बोल्ट जवळपास कुठेच मिळाले नाहीत. पुण्याहून मागवले, एम१४ बाय १.५ (जाडी १४ मिलिमीटर, आट्यांमधलं अंतर दीड), वीस नग. नऊ दिवस लागले, कारण कुरिअर गावात येत नाही, तालुक्याला जाऊन पार्सल सोडवावं लागतं. ते नऊ दिवस गाडी जुन्या चाकांवरच होती, आणि तुमच्या बाबतीत असं झालं तर तुम्हीही तसंच करा. बोल्टची लांबीही पाहा. जुने बोल्ट जितके फेरे घेऊन बसायचे, तितके नव्यांनीही घ्यायला हवेत.

सकाळी सहाला चाकं बसवली. आधी सगळे बोल्ट हातानेच फिरवले, मग आडवे-तिडवे, शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लावला ते मोजणाऱ्या पान्याने, १२० न्यूटन मीटरला. दुकानातल्या हवेच्या गनने शेवटचा पीळ देऊ देऊ नका. ती किती आवळते ते तिचं तिलाच ठाऊक. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासले. त्या सकाळी समृद्धीवर चढलो. शंभर, एकशे दहा, एकशे वीस. बाटली वाजली नाही. मी एकटाच होतो, तरी मोठ्याने "वा!" म्हणालो.

टायर घेताना एक गोष्ट पाहिली होती ती सांगायची राहिली. कडेला लिहिलेल्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बनावटीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. मला आधी दाखवलेला जोड साडेतीन वर्षं गोदामात पडलेला होता, तो मी परत केला. भारांक, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो तो आकडा, तोही जुन्या टायरपेक्षा कमी नको. २०५/५५ ला ९१ होता, म्हणजे ६१५ किलो. मी ९४ घेतला, ६७० किलोचा. हवा सकाळी गार टायरमध्येच भरा. दुपारी तापलेल्या टायरचा आकडा वर चढलेला असतो. आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा आणि कल जुळवणं, करून घ्या. खाली केलेल्या गाडीचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, आतल्या बाजूला झुकतो आणि टायरची आतली कड आधी झिजते, जी उभ्याने बघून दिसत नाही. हात घालून चाचपा.

विमा कंपनीला नव्या टायरच्या मापाचं पत्र दिलं, त्याची पोच ठेवली. याच पिढीच्या ऑक्टाव्हियाला स्कोडा २२५/४५ आर१७ देत होती, म्हणून हे माप निवडताना मी निश्चिंत होतो. त्यापेक्षा रुंद जायचं असेल तर आधी कागद बघा. उत्पादकाच्या तपशिलाबाहेरचा बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्येच सांगितलं आहे.

आणि एक, जे मला काकाजींनी निघताना सांगितलं. स्टेपनी अजून जुनी, कंपनीची आहे. तिला कोनवाले बोल्ट चालत नाहीत, गोल बुडाचेच लागतात. जुन्यांपैकी पाच बोल्ट मी खादीच्या पिशवीत बांधून जॅकशेजारी ठेवलेत, आणि पिशवीवर मार्करने लिहिलंय: फक्त स्टेपनी.