डर्बनच्या पुलावरचा मुती बाजार

डर्बनला गेलात तर बीच बघाच, बनी चाऊ खाच, दोन्ही मस्त आहेत. पण मला लिहायचंय ते दक्षिण आफ्रिकेतल्या या शहराच्या वॉरविक जंक्शनमधल्या मुती, म्हणजे पारंपरिक औषधांच्या मार्केटबद्दल, कारण आल्यापासून ते डोक्यातून जातच नाहीये.

अर्धवट सोडून दिलेल्या हायवेच्या पुलावर भरतो हा बाजार. आधी या जडीबुटीवाल्या बायका फुटपाथवरच बसायच्या, रात्री झोपायच्याही तिथेच, मग 1990 च्या दशकाच्या शेवटी महापालिकेने पुलावर स्टॉल बांधून दिले. खाली मिनीबस टॅक्स्यांचे हॉर्न, वर सालींचे ढीग, कंदांच्या गोण्या आणि पूर्वजांसाठी जाळतात त्या इम्फेफोचा धूर.

एका आज्जींपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. लाकडाच्या ओंडक्यावर साल ठेवून छोट्या कुऱ्हाडीने तुकडे करत होत्या, हात एकदम सराईत. इसिभाहा नावाच्या झाडाची साल, खोकल्या-सर्दीवर चालते. त्यांनी एक कण जिभेवर ठेवायला दिला, आधी कडू आणि मग मिरीसारखं जे काही झोंबलं, डोळ्यांत पाणीच आलं! मग गाईडताईंकरवी त्यांनी दोन तुकडे दाखवले, एक जुना, चांगला जाडजूड आणि एक हल्लीचा, नखाएवढा पातळ. मोठी झाडं संपत आली म्हणून आता कोवळी झाडं सोलतात, आणि खोडाच्या भोवती गोल साल काढली की झाड मरतंच. पूर्वी इथल्याच रानात मिळायची, आता बराचसा माल मोझांबिककडून येतो म्हणाल्या. रानआल्याचं तर त्याहून वाईट, क्वाझुलू-नाताळच्या, म्हणजे डर्बन ज्या प्रांतात आहे तिथल्या जंगलातून ते संपल्यातच जमा आहे, जे दिसतं ते लागवडीचं किंवा बाहेरून आलेलं.

तेवढ्यात आमच्याच ग्रुपमधल्या एका बाईंनी न विचारता आज्जींच्या तोंडासमोर मोबाईल धरला, आणि वर "या लोकांनीच जंगलं संपवली" असं मोठ्याने ऐकवलं. इतका राग आला मला! 1998 च्या एका अभ्यासात एकट्या क्वाझुलू-नाताळमध्ये वर्षाला 4 हजार टनांहून जास्त वनौषधी विकली जाते असा अंदाज होता, एवढी मागणी काय या आज्जींनी तयार केली? गावं सोडून लोक शहरात आले, औषध तेच हवंय पण स्वतः रानात जाणं बंद झालं, म्हणून हा धंदा वाढला. आणि गोण्या डोक्यावरून वाहून आणणाऱ्या बायकांच्या हातात त्यातले सगळ्यात कमी पैसे पडतात. शिवाय परदेशी कंपन्या आहेतच. इथल्याच एका जिरेनियमच्या मुळापासून जर्मनीत खोकल्याचं औषध बनतं, त्यावरचं पेटंट 2010 मध्ये रद्द झालं ते ॲलिस गावच्या लोकांनी हरकत घेतली म्हणून. आपल्याकडे नरक्या या झाडाचं तेच चाललंय ना, कॅन्सरच्या औषधासाठी लागतो म्हणून सह्याद्रीत चोरून तोडतात, पकडला जातो टेम्पोवाला आणि पैसा खाणारा कुठेतरी लांब बसलेला असतो.

उपाय नाहीत असं नाही. डर्बन महापालिकेची सिल्व्हरग्लेनला औषधी झाडांची नर्सरी आहे, क्रूगर नॅशनल पार्कने आसपासच्या वैदूंना इसिभाहाची रोपं वाटली. सालीतले गुण पानातही बरेचसे असतात असं संशोधकांना आढळलंय, म्हणजे झाड न मारता काम भागू शकतं. आज्जींना विचारलं तर म्हणाल्या, पानं ठेवून बघितली पण गिऱ्हाईक घेत नाही, त्याला सालच पाहिजे, पानात दम नसतो म्हणतात. माझ्या मते खरं काम इथेच आहे, गिऱ्हाइकाला पटवण्याचं, आणि ते या बायकाच करू शकतील, पण त्यांना कुणी जवळ बसवून विचारतंय कुठे.

जाणार असाल तर सकाळी जा आणि तिथलाच गाईड घ्या, सगळे ओळखीचे असल्याने लोक मोकळं बोलतात. फोटो विचारूनच काढा. आज्जींनी नको म्हटलं, म्हणून या पोस्टमध्ये त्यांचा फोटो नाही.