दळण चक्कीवर आणि आम्ही नवापूरला

डिसेंबरातली गोष्ट. सकाळी गव्हाचा डबा चक्कीवर ठेवला, चक्कीवाल्याला म्हटलं तासाभरात येते रे, आणि तिथूनच मी आणि आमच्या ताई रिक्षाने अमळनेर स्टेशनला गेलो. ताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई, वय 68, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याला ठाम नकार दिलेला. काम काय तर पुण्याचं एक तिकीट कॅन्सल करायचं. आमच्या ह्यांना मोबाईलवरच्या तिकिटावर भरोसा नाही, खिडकीवरचं कागदी तिकीटच पाहिजे, मग त्याचे पैसे परत घ्यायलाही माणूसच खिडकीवर पाहिजे. ते काम पाच मिनिटांत झालं. पैसे पर्समध्ये टाकत होते तेवढ्यात सुरतकडच्या पॅसेंजरची अनाउन्समेंट झाली आणि ताई एकदम म्हणाल्या, "आमचे हे आयुष्यभर ह्या लाईनवर गार्ड होते, नवापूरचं ते बाकडं पाहिलं का म्हणून सतरांदा सांगायचे, पण कधी नेलं नाही. पास होता तेव्हा गेले नाही."

मी म्हटलं, मग आता जाऊ.

असं मी का म्हटलं ते मला अजून माहीत नाही. कारण मी असली बाई नाही. 33 वर्षं शाळेत घंटेवर काढली, शिक्षणाधिकारी येणार म्हटलं की आदल्या रात्री झोप नाही. आणि रिटायर झाल्यावर वाटलं होतं आता मोकळं, तर लोक तुम्हाला दुसरं टाइमटेबल हातात देतात हो. सकाळी गोळी, मग वॉकिंग, मग हास्यक्लब, वर्षातून एकदा टूरवाल्यांबरोबर तीर्थयात्रा आणि त्यात सुद्धा वीस मिनिटांत दर्शन करून बसमध्ये या. मुलं मायेनेच सांगतात, पण काय सांगतात तर "आई एकटी जाऊ नको", "आई आधी सांगत जा". सांगितलं की संपलं. सांगितलेली गोष्ट मग कार्यक्रम होते, तिला डबा लागतो, स्वेटर लागतो, सोबत लागते.

तर दोन नवापूर काढले. पूर्ण भाडं. बायकांना 58 नंतर रेल्वेत निम्मं तिकीट होतं, मी 58 ची झाले आणि त्याच वर्षी, मार्च 2020 मध्ये, सवलत बंद. माझं नशीब असंच आहे, सोडा.

गाडीत बेटावद, नरडाणा, शिंदखेडा, एकेक स्टेशन जात होतं आणि ताईंची नुसती बडबड, इथे ह्यांची ड्युटी बदलायची, इथला चहा पाणचट, असं. दोंडाईच्याला एक बाई चढली, शेजारी बसली. तिच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. बोटांची टोकं लालभडक, नखांच्या कडेने तर जशी मेंदी. नंदुरबारला मिरची वाळवतात त्या पथारीवर देठ खुडायला जात होती. मी विचारलं आग होत नाही का गं, तर म्हणे दिवसा समजत नाही, रात्री लेकराला जवळ घ्यायचं तेव्हा आधी दहा वेळा हात धुवायचे. मग कुठे निघालो ते तिने अहिराणीत विचारलं, "कथा चालनात मावशी?"

"नवापूरले."

"नवापूरले काय शे?"

ताई म्हणाल्या, "बाकडं शे. देखाले चालनूत."

ती बाई एवढी हसली की समोरचा माणूस झोपेतून जागा झाला. नंदुरबारला उतरताना सुद्धा खिडकीतून "बाकडावर बठज्यात बरं" म्हणून गेली.

आणि बाकडं आहे बरं का! ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, नवापूरचं स्टेशन आधीचं आणि दोन राज्यांची हद्द नंतरची. 1 मे 1960 ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि रेघ नेमकी स्टेशनातून गेली. तिकीटखिडकी आपल्याकडे, स्टेशन मास्तरचं ऑफिस गुजरातेत. अनाउन्समेंट चार भाषांत. आणि प्लॅटफॉर्मवर एक बाकडं, मधोमध रेघ, एका बाजूला महाराष्ट्र लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला गुजरात. ताई आपल्या बाजूला बसल्या, मी पलीकडे. पाहायला बाकी काही नाही. साधं बाकडं, थंड पडलेलं, खाली शेंगांची टरफलं. ताईंनी रेघेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मी तिकडे पाहिलं नाही, उगाच इंजिन बघत बसले.

तेवढ्यात ह्यांचा फोन.

"कुठे आहेस?"

"स्टेशनवर."

"अजून स्टेशनवरच?"

"हो, नवापूरच्या."

तिकडे चिडीचूप. मग, "आणि ताई कुठे आहे?"

"त्या महाराष्ट्रात आहेत, मी गुजरातमध्ये आहे."

ह्यांना वाटलं माझ्या डोक्यात काहीतरी झालं. पळत जाऊन गोळ्यांचा डबा पाहिला तर सकाळची बीपीची गोळी तशीच. मग जे काय ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही, पण त्यात चूक माझीच होती. तेव्हापासून एक पट्टी पर्समध्ये असते. बाकी पर्समध्ये काही वाढवलेलं नाही.

येताना गोंधळ झाला. घरी काहीतरी कारण न्यावं म्हणून बाजारात गेलो (नवापूरची तूरडाळ चांगली असते, दोन किलो घेतली) आणि परतीची गाडी गेली. मग एसटी. तिची पायरी इतकी उंच की कंडक्टरने वरून आणि मी खालून असं करून ताईंना आत घेतलं, आणि आत गेल्यावर ताई कंडक्टरलाच म्हणतात, अर्धं तिकीट द्या, 75 पूर्ण झाली की फुकट येईन तेव्हा ओळख ठेवा. कोंडाईबारीच्या घाटात अंधार पडला. खिडकी लागत नव्हती, दोघींनी एका शालीत डोकी घातली होती आणि ताईंना गुडघ्याने काही सुचत नव्हतं, तरी दहिवेलला गाडी थांबली तर भजी घेऊ म्हणाल्या. घेतली. तेलकट होती. धुळ्याहून दुसरी गाडी पकडून घरी यायला साडेदहा.

दोन दिवस ताई अंथरुणातून हलल्या नाहीत, हे पण सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळं गोडगोड झालं. तिसऱ्या दिवशी मला हळूच विचारलं, उनपदेवला गरम पाण्याचे झरे आहेत ना चोपड्याकडे, गुडघ्याला बरं असेल. मी म्हटलं बोलू नका, बोललं की राहतं.

आणि दळण. चक्कीवाल्याने आमची वाट पाहून पाहून शेवटी दुपारी कुणाच्या तरी ज्वारीपाठोपाठ आमचे गहू घातले. आठ दिवस पोळ्या कडेने फाटत होत्या, आणि आमचे हे प्रत्येक पोळी उचलून उजेडाकडे धरायचे, म्हणायचे, "ही गुजरातची का महाराष्ट्राची?"