जिन्यावर तेल

मालिकेचे संवाद लिहिणाऱ्या माणसाला सेटवरून बोलावणं आलं की समजावं, काहीतरी बिनसलंय. एरवी तिथे आमची गरज नसते. पटकथाकार वन-लाइनवरून, म्हणजे सीनमध्ये काय घडतं ते सांगणाऱ्या एका ओळीवरून, सीन बांधतो, मी घरी बसून बोलणी लिहिते, रात्री उशिरा मेल करते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती कुणाच्या तरी तोंडून निघून कॅमेऱ्यात गेलेली असतात. त्या जुलैत आमची बँक संपली होती. आधी शूट करून ठेवलेल्या भागांना बँक म्हणतात. नायकाला डेंग्यू झाला आणि ती आटली. आज शूट केलेलं उद्या संध्याकाळी दाखवायचं, अशी अवस्था. त्यात सकाळीच प्रॉडक्शनचा फोन आला, "ताईंनी सीन थांबवलाय. तुम्ही लगेच या."

ताई म्हणजे आमच्या मालिकेतल्या सासूबाई. प्रायोगिक रंगभूमीवर उमेदीची वर्षं घातलेल्या आणि आता भरजरी साड्या नेसून रोज संध्याकाळी महाराष्ट्राच्या शिव्या खाणाऱ्या. वेळेवर येतात, पाठांतर चोख, नखरे शून्य. त्यांनी सीन थांबवला म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

घोडबंदर रोडवरच्या त्या शेडमध्ये पोचले तेव्हा दिवाणखान्यात डोहाळजेवणाची तयारी झाली होती. झोपाळ्याला झेंडूच्या माळा, बाजूला फुलांचा धनुष्यबाण, सून हिरव्या साडीत. सीन असा : वरच्या मजल्यावरून सून खाली येणार, त्याआधी सासू जिन्यावर तेल ओतणार. प्रॉपवाल्या दादांनी बाटलीत रंगीत पाणी भरून ठेवलं होतं, कारण खरं तेल ओतलं तर आधी कॅमेरामनच आडवा होईल.

"तेल ओतायला माझी ना नाही गं," ताई म्हणाल्या. "याआधीच्या मालिकेतही ओतलंय. तिथे पायऱ्या संगमरवरी होत्या. पण हिच्या पोटात माझंच नातवंड आहे ना? मग मी का ओततेय?"

मी वन-लाइन पाहिली. तिथे लिहिलं होतं, "सासूचा नवा डाव."

"त्या मालिकेत का ओतलं होतंत?" मी विचारलं.

"तेव्हा माझा मुलगा बारावीला होता. क्लासची फी भरायची होती. त्यामुळे विचारलं नाही."

तेवढ्यात पाऊस कोसळला. आम्ही आवाज सेटवरच रेकॉर्ड करतो, आणि पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की काम बंद. दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला. मला मात्र तास-दीड तास मिळाला.

इथे एक सांगायला हवं. मालिकेतली खाष्ट सासू, सोशिक सून, कारस्थानी जाऊ, बावळट पण प्रेमळ काका ही माणसं आळसातून जन्माला येतात असं बाहेर सगळ्यांना वाटतं. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की मालिका पाहिली जाते त्यापेक्षा जास्त ऐकली जाते. संध्याकाळी सातला बाई ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटत असते, तिची पाठ टीव्हीकडे असते. पार्श्वसंगीताचा दणका ऐकून तिला कळलं पाहिजे की आता ती दुष्ट बाई आली. आठवडाभर गावाला जाऊन आलेल्या प्रेक्षकालाही पहिल्या मिनिटात कळायला हवं, कोण कोणाच्या वाईटावर आहे. म्हणून आमच्या खलनायिका एकट्या असतानाही मोठ्याने बोलतात. मनातलं मनात ठेवणारी खलनायिका पोळ्या लाटणाऱ्या बाईपर्यंत पोचतच नाही. एवढ्या घाईच्या कारखान्यात "का" विचारायला कुणाला वेळ असतो?

मेकअप रूममध्ये चहा आला. ताईंनी विषय काढला ललिता पवारांचा. मूकपटांच्या काळात त्या नायिका होत्या. 1942 साली एका सिनेमाच्या शूटिंगमध्ये भगवानदादांची थप्पड वर्मी बसली, चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला आणि डावा डोळा कायमचा अधू राहिला. नायिकेच्या भूमिका संपल्या आणि तो बारीक झालेला डोळा पुढची कित्येक वर्षं हिंदी-मराठी पडद्यावरच्या सासूचा डोळा झाला. "म्हणजे बघ," ताई म्हणाल्या, "एका बाईला अपघात झाला आणि अख्ख्या देशाला सासू कशी दिसते ते कळलं. पण तिलाच ‘अनाडी’मध्ये मिसेस डिसा मिळाली तेव्हा काय केलं तिने! वरून कडक, आतून नुसती माया. फिल्मफेअर मिळालं त्याला. चेहरा तोच होता की."

आणि मग त्याच चेहऱ्याने 1987 साली दूरदर्शनच्या रामायणात मंथरा केली, हे मला आठवलं, आणि तिथून माझी गाडी सुटली. कारण मंथरेला "का" हा प्रश्न आपल्या थोर थोर लेखकांनी विचारलेला आहे, आणि प्रत्येकाने उत्तर वेगळं दिलंय. तुलसीदासांकडे देव सरस्वतीला गळ घालतात आणि ती मंथरेची बुद्धी फिरवते. बिचारीचा स्वतःचा दोष फारसा नाहीच. कंबनाच्या तमिळ रामायणात लहानपणी रामाने खेळता खेळता धनुष्याने मातीच्या गोळ्या तिच्या कुबडावर मारलेल्या असतात, तो सल तिने जपून ठेवलेला असतो. वाल्मीकींकडे यातलं काही नाही. ती कैकेयीच्या माहेरची दासी. सहज म्हणून गच्चीवर जाते, बघते तर रस्त्यांवर सडे शिंपडलेत, पताका लागल्यात, सगळी अयोध्या सजलीय. शेजारी उभ्या असलेल्या दाईला विचारते की आज आहे तरी काय. आणि तिला दाईकडून कळतं की उद्या रामाला यौवराज्याभिषेक आहे.

मी चॅनलच्या ईपीला फोन लावला. ईपी म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, आमची दैवतं. तिने ऐकून घेतलं आणि तत्परतेने तुलसीदासांचा मार्ग सुचवला, अर्थात तिला ते माहीत नव्हतं : "एखादा मांत्रिक दाखवू या का? त्याने सासूला सांगितलंय की हे मूल घराला वाईट. पुढे मांत्रिकाचा ट्रॅकही वाढवता येईल." ताईंना कंबन हवा होता. सुनेच्या आईने पूर्वी कधीतरी यांचा अपमान केलेला असावा, फ्लॅशबॅक असावा. फ्लॅशबॅक म्हणजे तरुण सासू शोधा, जुन्या काळचे कपडे आणा. ते त्या दिवशी शक्यच नव्हतं. आणि खरं सांगू, मला तो आवडलाही नसता. वीस वर्षांपूर्वीच्या एका अपमानातून आजचा सगळा दुष्टपणा उगवतो, हाही एक ठोकळाच आहे. फक्त जरा शिकल्यासवरलेल्या लोकांचा.

मला वाल्मीकींची गच्ची हवी होती.

पावसातच मी सीन फिरवला. सासू दुपारची झोप काढून खोलीबाहेर येते. वरून खाली बघते तर झोपाळा, माळा, पंगतीची ताटं. कामवाल्या मावशी फुलं घेऊन चाललेल्या असतात. सासू विचारते, "आज काय आहे गं?" मावशी गोंधळून म्हणतात, "अहो, डोहाळजेवण. तुम्हाला ठाऊक नाही?" बस, एवढंच. ज्या घराच्या किल्ल्या इतकी वर्षं हिच्या कमरेला होत्या, त्या घरातलं कार्य तिला मोलकरणीकडून कळतं. मग तिने तेल ओतावं. माझी हरकत नाही.

ईपीला व्हॉट्सअॅपवर पाठवलं. तिचं उत्तर : "चालेल. पण सासू पॉझिटिव्ह होऊ देऊ नका. शेवटी डायलॉग हवाच. प्रोमोत लागेल." म्हणून मी निमूटपणे जोडलं : "आता बघतेच, तू कशी आई होतेस ते!" असली वाक्यं माझ्या हाताला वळण पडल्यासारखी येतात, क्षणभरही विचार करावा लागत नाही.

पाऊस ओसरला, लाइट लागले. ताईंनी पहिला अर्धा भाग इतका साधेपणाने केला की फ्लोअरवरची कुजबुज थांबली. "आज काय आहे गं?" हे त्यांनी चक्क हसून विचारलं. उत्तर मिळाल्यावरही ते हसू तसंच ठेवलं. मावशींच्या हातातलं एक फूल खाली पडलं होतं ते उचलून परत टोपलीत टाकलं. ते मी लिहिलं नव्हतं. मग बाटली, मग पायऱ्या, मग प्रोमोचं वाक्य. ते मात्र त्यांनी अगदी रीतसर केलं, भुवई चढवून. प्रक्षेपणात त्यावर नेहमीप्रमाणे तीनदा झूम आणि विजेचा कडकडाट बसला. पहिल्या अर्ध्या भागातली बरीचशी शांतता एडिटमध्ये गेली, फुलासकट. गुरुवारी टीआरपीचे आकडे आले, ते होते तिथेच होते.

पण त्या दिवसातलं माझ्या डोक्यात राहिलेलं वेगळंच आहे. पॅकअपनंतर सुनेचं काम करणारी मुलगी माझ्याकडे आली. पंचविशीच्या आतली, विदर्भातून आलेली, दिवसभर हिरव्या साडीत निमूट बसून सगळं ऐकत होती.

"मॅडम, एक विचारू? मागच्या आठवड्यात मी त्यांना दुधात काहीतरी मिसळताना बघितलंय. त्याच्या आधी त्यांनी माझे दागिने लपवले, तेही मला माहितेय. आजचं तेलही मला कळणार आहे. मग मी नवऱ्याला सांगत का नाही?"

मी बॅगेची चेन लावत होते. तुलसीदास, कंबन, वाल्मीकी, कुणीही मदतीला येईना. सोशिकपणा, संस्कार, घर तुटू नये म्हणून, ही उत्तरं माझ्याकडे तयार होती, कारण महिन्यातून एकदा तरी तिच्याच तोंडी मी ती घालते. तिला तोंडावर ती देववेनात.

"तू सांगितलंस तर मालिका संपेल," मी म्हटलं.

तिने थोडा विचार केला.

"किती दिवसांत?"

"आठवडाभरात."

"मग नको," ती म्हणाली. "मी मीरा रोडला नुकताच वन बीएचके घेतलाय."