क्राकुफमधला आठ तासांचा दिवस

जानेवारीत पोलंडमधल्या क्राकुफला सूर्य साडेसातनंतर उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. हे वाचून गेले होते, तरी यादी मात्र मे महिन्यातल्या पुण्याच्या हिशेबाने केली होती: अकरा ठिकाणं. त्यातली सहा झाली, दोनांच्या दारातून परत फिरले, बाकीची राहिली. तुम्ही थंडीत एकच दिवस जाणार असाल तर आधी यादी अर्धी करा, मग पुढचं वाचा. (आपल्याकडे ‘क्राकोव’ असंही लिहितात. तिथले लोक ‘क्राकुफ’ म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते.)

पोलंडच का, असं घरी सगळ्यांनी विचारलं. माझं आजोळ कोल्हापूरजवळचं वळिवडे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८, तिथे जवळपास पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेली. पुढे तिथे सिंधी निर्वासित आले, गांधीनगर झालं, तरी आजीच्या तोंडी शेवटपर्यंत ‘कॅम्प’च होतं. त्या लोकांचा क्राकुफशी थेट संबंध नाही, बरेचसे पूर्वेकडच्या प्रांतांतले होते. पण तो देश एकदा बघायचा हे डोक्यात तेव्हापासूनचं. ऑफिसच्या कामाने दोन आठवडे व्रोत्सवाफला होते, तिथून रेल्वेने तीन-साडेतीन तास. शुक्रवारची रजा टाकली आणि गुरुवारी रात्री येऊन पोचले.

सकाळी आठला बाहेर पडले तेव्हा उणे सात. एकच जाडजूड कोट घालण्यापेक्षा आत दोन-तीन पातळ थर घाला, कारण प्रत्येक इमारत आतून भट्टीसारखी तापवलेली असते आणि संग्रहालयात कोट-पिशवी बाहेर ठेवायला लावतात. खरा खर्च बुटांवर करा. फरसबंदीवर दिवसा वितळलेला बर्फ रात्री पुन्हा काचेसारखा गोठतो. माझ्या पुण्याच्या स्पोर्ट्स शूजनी पहिल्या दहा मिनिटांत दोनदा दगा दिला. त्यानंतर मी दिवसभर भिंतीच्या कडेकडेने चालले, म्हातारीसारखी.

जुन्या शहराभोवतीचा तट एकोणिसाव्या शतकात पाडला आणि त्या जागी बाग केली. तिचं नाव प्लांती. शहराला कंकणासारखा तिचा वेढा आहे, त्यामुळे चुकायला होत नाही. झाडं लागली की समजायचं, जुनं शहर संपलं. तटाचा थोडा भाग उत्तरेला शिल्लक आहे: फ्लोरियान दरवाजा आणि त्याच्यासमोर १४९८-९९मध्ये बांधलेला गोल बुरूज, बार्बिकन. दरवाजापाशी निळ्या हातगाडीवर एक बाई ओब्वाझानेक विकत होत्या. पीळ दिलेली, बांगडीच्या आकाराची ही पोळीवजा पावाची कडी. वरून खसखस, तीळ किंवा मीठ. सुटे पैसे जवळ ठेवा. सकाळचाच घ्या, का ते शेवटी सांगते.

हवेला कोळशाचा वास होता. शहरात कोळसा आणि लाकूड जाळायला १ सप्टेंबर २०१९पासून बंदी आहे, पण आजूबाजूच्या गावांचा धूर थंडीत या खोलगट भागात येऊन बसतो. दम्याचा त्रास असेल तर फोनवर हवेची स्थिती बघून मगच सकाळची रपेट ठरवा आणि मास्क न्या.

दहाला दार उघडताच चार्तोरिस्की संग्रहालयात शिरले, लिओनार्दोच्या चित्रासाठी. हातात अर्मिन (मुंगसासारखा छोटा प्राणी) घेतलेली ती तरुणी, चेचिलिया गाल्लेरानी. चित्र जेमतेम ५४ बाय ३९ सेंटिमीटर, अक्रोडाच्या फळीवर. पॅरिसला मोनालिसासमोर मला डोकीच दिसली होती. इथे त्या अंधाऱ्या खोलीत पाचेक मिनिटं मी आणि रखवालदार बाई, बस्स. तरुणीच्या चेहऱ्यापेक्षा तिचा हात बघा, बोटं जरा जास्तच लांब आणि हाडं जाणवणारी. नाझी काळात पोलंडचा गव्हर्नर जनरल हान्स फ्रांक वावेलच्या किल्ल्यातून कारभार करायचा आणि हे चित्र त्याने स्वतःसाठी ठेवलं होतं. सोमवारी संग्रहालय बंद असतं. तिकीट वेळेसकट ऑनलाइन काढता येतं, थंडीतल्या शुक्रवारी मला दारावरही मिळालं.

पावणेबाराला मारियात्स्की चर्चमध्ये असा. हे मात्र चुकवू नका. वित स्त्वोशने १४७७ ते १४८९ या काळात कोरलेली लाकडी वेदी इथे आहे आणि बारा वाजायच्या आधी तिची पंखांसारखी दारं उघडतात. मला वाटलं होतं सोन्याचा मुलामा, देवदूत, असं काही असेल, बघू आणि निघू. पण मध्यभागी मेरी गुडघ्यांवर कोसळते आहे आणि तिला सावरणारे प्रेषित माणसापेक्षा मोठे आहेत. लिंडन झाडाच्या मऊ लाकडातले. त्यांच्या हातावरच्या फुगलेल्या शिरा, सुजलेले सांधे, म्हाताऱ्या मानेची लोंबणारी कातडी, सगळं खालून दिसतं. छोटी दुर्बीण असेल तर नक्की न्या. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, तेव्हा पर्यटकांनी दुपारनंतर जावं.

बाराला बाहेर चौकात पळा. चर्चचे दोन मनोरे एकमेकांपेक्षा उंच-बुटके आहेत. उंच मनोऱ्याच्या खिडकीतून दर तासाला तुतारी वाजते, चारही दिशांना एकेकदा, आणि सूर मध्येच तुटतो. १२४१च्या तातार हल्ल्यात पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला म्हणून, अशी दंतकथा. इतिहास काहीही असो, पहिल्यांदा सूर तुटतो तेव्हा आपण पुढच्या सुराची वाट बघत उभे राहतो. वाजवून झाल्यावर तुतारीवाला खिडकीतून हात हलवतो. खाली उभं राहून मीही हलवला. एकटं फिरताना असल्या गोष्टींना लाज वाटत नाही.

जेवायला ‘बार म्लेच्नी’ म्हणजे दूध-खानावळ शोधा. दारूचा संबंध नाही, कम्युनिस्ट काळात फोफावलेली स्वस्त खानावळ. काउंटरवर पैसे द्यायचे, खिडकीतून ताट उचलायचं, खाऊन भांडी परत द्यायची. मी शाकाहारी (शाकाहारी कोल्हापूरकर हा तसाही चेष्टेचा विषय), म्हणून अभ्यास करून ‘प्येरोगी रुस्क्ये’ मागितले: बटाटा आणि ताज्या चीजचं सारण भरलेले, उकडलेल्या करंज्यांसारखे. ताट आलं आणि वर कुरकुरीत तळलेला कांदा. पहिला घास घेतला, तो कांदा नव्हता, डुकराच्या चरबीचे तुकडे होते. चूक माझीच, फलकावर लिहिलेलं होतं. ‘बेझ स्क्फारेक’, म्हणजे चरबीच्या तुकड्यांशिवाय, हे दोन शब्द पाठ करून जा. सारण शाकाहारी असलं म्हणजे ताट शाकाहारी असतं असं नाही. सोबतच्या बीटच्या सुपाचा, बार्श्चचा, रंग बघून तांबड्याची आठवण झालीच. चव आंबट-गोड, तिखटाचा पत्ता नाही. तेही पुष्कळदा मांसाच्या पाण्यात करतात, विचारून घ्या.

आणखी एक. स्वच्छतागृहांच्या दारावर पुष्कळदा बाई-पुरुषाचं चित्र नसतं. गोल म्हणजे बायका, त्रिकोण म्हणजे पुरुष. मला हे एका आजोबांनी कळवळून सांगितलं, जरा उशिरा.

दीडला वावेल टेकडीवर. राजवाड्याच्या दालनांची वेगवेगळी तिकिटं असतात; थंडीच्या एका दिवसात एखादं घ्या, किंवा माझ्यासारखं फक्त कॅथीड्रल. १५२०मध्ये ओतलेली झिग्मुंट घंटा बघायला अरुंद लाकडी जिन्याने, तुळयांखालून वाकत चढावं लागतं. ती वाजवायला बारा माणसं लागतात, तीही ठरावीक सणाप्रसंगी. कॅथीड्रल थंडीत लवकर बंद होतं. ड्रॅगनची गुहाही हिवाळ्यात बंद असते. पण नदीकाठचा धातूचा ड्रॅगन थोड्या थोड्या वेळाने खरीखुरी आग ओकतो, त्याच्यासमोर उभं राहून हात शेकावेसे वाटतात. माझा फोन इथेच बंद पडला, ४० टक्क्यांवरून थेट शून्य. थंडीत बॅटरी अशी दगा देते. फोन आतल्या खिशात अंगाशी ठेवा आणि हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून न्या. माझ्याकडे कागद होता, म्हणून निभावलं.

व्हिस्वा नदीच्या काठाने अर्धा तास चालून, पादचारी पुलावरून पोदगूझेत गेले. इथल्या चौकात धातूच्या ३३ रिकाम्या खुर्च्या मांडल्या आहेत. मार्च १९४३मध्ये नाझींनी इथला घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडलेली वस्ती, रिकामा केला, माणसं मारली किंवा छावण्यांत नेली. मागे राहिलं ते त्यांचं सामान. खुर्च्या माणसाच्या मापापेक्षा थोड्या मोठ्या आहेत, त्यामुळे दुरून सगळं ठीक वाटतं आणि जवळ गेल्यावर काहीतरी चुकल्यासारखं होतं. साडेतीनचा उजेड, खुर्च्यांवर हिमाची पातळ साय, कडेने ट्राम जात होती. मी फोटो काढू शकले नाही, फोन मेलेला, आणि नंतर बरंच वाटलं.

जवळच आपल्या ज्यू कामगारांना वाचवणाऱ्या शिंडलरच्या कारखान्यातलं संग्रहालय आहे. तिथली त्या दिवसाची तिकिटं संपली होती. हे आठवडाभर आधी काढायचं तिकीट आहे. तिथून काझिमेशला, जुन्या ज्यू वस्तीत, आले तर रेमू सिनेगॉगचं, ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचं, दार लागलेलं. शुक्रवारची तिन्हीसांज म्हणजे शब्बाथ, ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू, शनिवारीही बंद. माझ्या रजेचा वारच चुकला होता. काझिमेश बघायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी उजेडात या.

साडेचारला काळोख. प्लाट्स नोव्हीवरच्या गोल इमारतीच्या खिडक्यांत झाप्येकांका मिळतो: हातभर लांब पाव, मश्रूम, चीज. हा बिनधोक शाकाहारी, मांस घालू नका एवढं सांगायचं. उभ्याने खाल्ला आणि कागदावरचा पत्ता दाखवत ट्रामने परतले. ट्रामचं तिकीट आत चढल्यावर यंत्रात टोचायला विसरू नका, न टोचलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट. एकटी बाई म्हणून विचाराल तर संध्याकाळी सात-आठपर्यंत जुन्या शहरात आणि काझिमेशमध्ये मला कुठेही अस्वस्थ वाटलं नाही. भीती वाटली ती फक्त बर्फाची.

आउशवित्झची नाझी छावणी आणि व्येलिच्काची मिठाची खाण याच दिवसात बसवायचा प्रयत्न करू नका. पहिल्याला अख्खा दिवस द्या, दुसऱ्याला अर्धा. आणि बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात, पाणी-खाऊ शनिवारीच घ्या.

सकाळी दोन ओब्वाझानेक घेतले होते, एक परतीच्या गाडीसाठी राखून ठेवला. शनिवारी व्रोत्सवाफच्या वाटेवर पिशवीतून काढला तर दगड. चहात बुडवून, बटर खातो तसा खाल्ला.